आबांची गाडी धूर सोडते

रोग कळल्याशिवाय औषध नाही, हा माझा बाणा! माझे वडील, आबा, गेल्यावर त्यांची जुनी गाडी काळा धूर ओकू लागली, तेव्हा तो मी अख्ख्या पळसदेवला ऐकवला.

"भंगारात घाल," धाकटे चुलते तात्या म्हणाले. "रविवारी गिऱ्हाईक आणतो."

"थांबा तात्या! इंजिन जास्त पेट्रोल पितंय. का पितंय ते आधी शोधू, मग पार्ट बदलू."

गाडी मला जाऊ द्यायची नव्हती. सीटला अजून आबांचा वास येत होता. त्यावर पेट्रोलचा चढला होता, ते वेगळं!

आईला घेऊन बारामतीला निघाले. आई गाडीत बसली की आबांचा फोटो डॅशबोर्डला टांगते. त्याकडे बघून गाडी चालवणं मला जमत नाही, म्हणून मी तिकडे बघतच नाही. भिगवणला मागचा मोटरसायकलवाला शेजारी आला. तोंड तव्याच्या बुडासारखं!

"ताई, गाडीत चूल पेटवली का काय?"

घरी येऊन बॉनेट उघडलं. आई फोटो घेऊन आत गेली. "ह्यास्नी गाडी खोललेली बघवायची न्हाय."

काजळलेले प्लग पुसले, फिल्टर झटकला. धूर गायब! संध्याकाळी आईला देवळात नेलं, धूर हजर! पुन्हा बॉनेट, पुन्हा गायब!

"वहिनी बसली की धूर," तात्या हळूच म्हणाले. "दादाच हाय गाडीत!"

रविवारी गिऱ्हाईक आलं. "वहिनी, बसा. धूर दावू," तात्या म्हणाले. आई बसली, डॅशबोर्डची कळ ओढली आणि तिला फोटो अडकवला. मी प्रथमच तिकडे पाहिलं.

"आई, हे काय?"

"खुंटी. आत असली की दोरा निसटतो. उतरताना ढकलती की परत!"

तो चोक होता! थंड इंजिनाला सुरू होताना जादा पेट्रोल पाजणारा. तो ओढून आम्ही बारामती गाठली होती.

तात्यांनी कपाळावर हात मारला. आईनं फोटो सरळ केला. "जन्मभर बिडी सुटली न्हाय त्यांची. आता जरा धूर काढला तर एवढं काय!"

गाडी राहिली. फोटो मी स्वतः, पूर्ण विचारांती, स्टिअरिंगशेजारच्या दांडीला अडकवला.

परवा इंदापूर रोडला उसाचा ट्रॅक्टरवाला मागून ओरडला, "ओ ताई! मगाधरनं उजवा इंडिकेटर लावलाय, वळणार कवा?"

मी फोटोकडे पाहिलं. आबा हसत होते.

रोग कळला. औषध काही करवेना!