सांडपाण्याची पाठवणी

कारखान्याचं सांडपाणी बाहेर सोडताना डोक्यावर धुतलेली टोपी घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. किसनतात्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लोणी देवकरला कापड रंगवायच्या एका कारखान्यात ते मागच्या टाक्यांवर होते. तिथं रंगाचं पाणी यायचं, त्यात चुना आणि हिराकस पडायचा, रंग गाळ होऊन तळाशी बसायचा आणि वरचं निवळ पाणी ओढ्याला जायचं. या सोडण्याला तात्या ‘पाठवणी’ म्हणत. टोपी चढवायची, चपला बाजूला काढायच्या, व्हॉल्व्हच्या चाकाला हात लावायचा आणि पाण्याला सांगायचं, “जा बाई, नीट जा.”

मी त्यांचा साहेब. म्हणजे हजेरीपटावर. बी.एस्सी., केमिस्ट्री, काठावर पास. पहिल्याच संध्याकाळी तात्यांनी मला हटकलं, “लेक निघालीय अन् तुमी बूट घालून हुबं?” मी बूट काढले आणि साहेबी रुबाबात पाय टाकला तो चुन्याच्या चिखलात. पुढं आठवडाभर भाजलेल्या तळव्यांनी इंदापूरच्या खोलीचा जिना चढताना आई आठवत होती.

टाकीत काठी फिरवायची ती उजवीकडंच, हाही तात्यांचा नियम. डावीकडं फिरवली की रंग रुसतो म्हणे. मी पडलो विज्ञाननिष्ठ. मुद्दाम डावीकडं फिरवून दाखवली. रंगाला काही फरक पडला नाही, पण काठी हातातून निसटली आणि ती काढताना मी कोपरापर्यंत हिरवा झालो. दुसऱ्या दिवशी भिगवणला मुलगी बघायला जायचं होतं. पोह्यांच्या बशीसाठी हात पुढं केला, तर मुलीचे आजोबा म्हणाले, “पाव्हणं, तुमी शेवाळ काढता व्हय?” ते स्थळ तिथंच बुडालं.

“रुसतो म्हणलं न्हवतं का?” तात्या म्हणाले.

मग लग्नसराई आली आणि लाल रंगाचं काम वाढलं. हा लाल भलताच हट्टी निघाला. चुना घाला, हिराकस घाला, पाणी गुलाबी ते गुलाबीच. टाक्या काठोकाठ भरल्या. मॅनेजरांचा निरोप आला, आहे तसं सोडून द्या. तात्या उठले आणि टोपी न घालताच व्हॉल्व्हच्या चाकावर जाऊन बसले.

“आसली पाठवणी व्हायची न्हाय.”

त्यांना उठवायची कामगिरी माझ्यावर आली. समजूत घालण्यात माझा हातखंडा असा, की थोड्याच वेळात मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलो होतो.

“तात्या, पाण्यापायी नोकरी घालवता का?”

त्यांनी ओढ्याकडं बोट केलं. “त्या बाभळींच्या पल्याड वस्ती हाय. माझी सुमन तितं दिलीया. दिलीया कसली, तिची तीच गेली. मनानं लगीन केलं, मी गेलो न्हाय. पाठवणी करायची ऱ्हायली. तिचं धुणं ह्याच वढ्याला आसतंय.”

मला फार वाईट वाटलं. मी उठलो.

मॅनेजरांना जाऊन सांगितलं, व्हॉल्व्ह जाम झालाय. अगदीच खोटं नव्हतं, त्यावर तात्या बसले होते. रंगखातं बंद ठेवावं लागलं, मी शिव्या खाल्ल्या. मग बीकर मांडून चुन्या-हिराकसाचं प्रमाण नव्यानं जुळवलं. तात्या दमले तेव्हा काठी मी घेतली आणि गुपचूप उजवीकडं फिरवली. दुपार कलली तसा लाल खाली बसला. तात्यांनी पेलाभर पाणी धोतरासमोर धरलं. पलीकडचं सूत दिसलं.

टोपी चढली. मी न सांगता बूट काढले, या खेपेला खाली बघून.

“जा बाई, नीट जा.”

“तात्या,” मी म्हणालो, “एकदा तुम्हीच जाऊन या की.”

ते चाक हळूहळू फिरवत होते. “कुठल्या तोंडानं जाऊ, सायेब?” ते म्हणाले. “पाणी जातंय की रोज.”