पोटात जागा, वर झाकण

आमचे देवरे नाना दगड चाटतात. लपूनछपून नाही, चारचौघांत. जमिनीखालून काढलेला दगडाचा दांडा हातात आला की आधी जीभ लावतात, मग चष्मा. दगड ओला झाला की त्यातली बारीक भोकं नीट दिसतात, असं त्यांचं म्हणणं. गावागावांतल्या विहिरींचं पाणीही ते असंच बोटाने चाखत हिंडतात. पाचोऱ्याच्या हॉटेलवाल्याने त्यांच्यासाठी वेगळा कप ठेवलाय. नानांना तो मान वाटतो.

नाना मूळचे धुळ्याचे, भूगर्भतज्ज्ञ, आणि निवृत्तीनंतर मुदतवाढीवर आमच्या जळगावच्या ऑफिसात. मी त्यांच्या हाताखाली आलेख काढतो आणि बोलणी खातो. आमचं काम थोर आहे. कारखान्यांनी धूर सोडायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवायचा आणि ते सोडावॉटर आम्ही खोल काळ्या दगडात कोंडायचं. तिथे त्याचाही दगड होतो म्हणे. साऱ्या जगाचा धूर खानदेशाच्या पोटात मावणार, एवढा आमचा मोठेपणा.

त्यासाठी दगड कसा हवा? "पोटात जागा आणि वर झाकण!" खाली पोकळ्यांचा थर, वर घट्ट थर. नाना याच मापाने माणसंही मोजतात. नव्या साहेबांना पहिल्याच दिवशी म्हणाले, "साहेब, तुम्हाला झाकण उत्तम आहे, जागा दिसत नाही." स्वतः नानांना मात्र झाकण नावालाही नाही. माझ्या मूळव्याधीची बातमी नशिराबादला माझ्या सासुरवाडीत माझ्याआधी पोचली होती.

तर पाचोऱ्याजवळच्या एका गावात (नाव सांगणार नाही) नानांना मनासारखा दगड सापडला. मशीन आली. गावाने ती पाण्यासाठीच आली असं धरून नारळ फोडला, आणि नानांनी समजावूनही गुलाल उधळला. आता एकच प्रश्न होता. सोडावॉटर आत कोंडल्यावर दाब टिकतो का? टिकला तर प्रकल्प इथेच, नानांना आणखी मुदतवाढ. नाही टिकला तर मशीन दुसऱ्या जिल्ह्यात, आणि नाना धुळ्याच्या घरी, जिथे दार उघडायला दुसरं माणूस नाही.

दाब टिकला नाही. काटा घसरायला लागला. "माझा दगड गळणार नाही," असं म्हणत नाना शिवार तुडवत सुटले, मी मागे. शेजारी, गाव जिला आक्का म्हणतं त्या बाईंच्या मळ्यात कडब्याची गंजी होती आणि गंजीखालून फसफस ऐकू येत होती. आम्ही कडबा बाजूला केला. खाली जात्याची तळी, तळीखाली बोअर. नानांनी बोट बुडवून चाखलं. आमचंच सोडावॉटर.

आक्का धावत आल्या, आणि आमच्या चेहऱ्यांकडे पाहून मटकन बसल्या. पाण्याच्या आशेने त्यांनी ही बोअर खोल, आणखी खोल नेली होती. नानांच्या दगडाच्या झाकणाला भोक पाडून ती कोरडीच राहिली होती. जुन्या विहिरीवर लिंबाची बाग हिरवीगार आहे. पण शेतात बोअर कोरडी गेली म्हटलं की आमच्याकडे मुलीचा बाप उठून चपला घालतो. म्हणून वर कडबा.

"नाना, आयतवारले पोऱ्याना साखरपुडा शे," आक्का रडायला लागल्या. "व्याहीले समजनं ते पोर कोन दी आम्हले?"

नानांनी स्वतःच्या हाताने तळी सरकवली, कडबा सारखा केला.

जीपमध्ये मी भडकलो. "नाना, एक ओळ लिहा! गळती दगडाची नाही, बोअरची आहे. भोक बुजवू, पुन्हा दाब देऊ. तुमचा दगड पास!"

"आणि ते भोक बुजवायला मशीन कोणाच्या दारात उभी करू? साखरपुड्याच्या आठवड्यात?" नाना खिडकीबाहेर बघत होते. मग ऑफिसची मराठी सोडून म्हणाले, "मन्हं बी ठरेल व्हतं रे भाऊ. पोरीना बापनी इचारं, पानी कसं शे? मीच सांगी दिधं, आमनी बोअर कोरडी शे."

"मग?"

"मंग काय. माले परत कोनी इचारंच नही."

इतकी वर्षं मी या माणसाची नक्कल करून ऑफिसला हसवत आलोय. त्या दिवसापासून ती नक्कल बंद.

रविवारी आम्हाला वरणबट्टीचं आमंत्रण होतं. पंगतीत मुलीचे वडील नेमके नानांच्या शेजारी. "साहेब, तुम्ही जमिनीमधला मानूस. आठे पानी कसं शे?"

आक्का वरणाचं पातेलं घेऊन जागच्या जागी थांबल्या. मी डोळे मिटले. आता हा माणूस बोलणार.

नानांनी बट्टी कुस्करली. "विहिरीनं पानी गोड शे. मी सोता चाखेल शे."

आणि वाटी पुढे केली.

सोमवारी त्यांनी अहवालात लिहिलं, 'गळतीचे कारण समजू शकले नाही.' साहेबांनी दगड नापास केला, मशीन दुसऱ्या जिल्ह्यात गेली. मी नानांना धुळ्याच्या गाडीत बसवून आलो. सामानात एकही दगड नव्हता. आक्कांनी साखरपुड्यात दिलेली आहेराची टोपी मात्र डोक्यावर होती.