रोज सकाळी मोडणारं लग्न

संदेशचं लग्न ठरून बारा दिवस झाले होते आणि त्यातल्या अकरा सकाळी ते मोडलं होतं. कोणी भांडलं नव्हतं, कोणाचा मानपान राहिला नव्हता, पत्रिकेतला मंगळसुद्धा आपल्या जागी गुमान बसून होता. फक्त समाजाच्या वधू-वर मंडळाच्या ॲपवर संध्याकाळी त्याच्या नावापुढे 'लग्न ठरले' असायचं आणि सकाळी 'स्थळ पाहणे चालू'. बरं, कोणाच्या नावाने खडे फोडावेत तर हे ॲप बनवलेलं होतं खुद्द संदेशनेच. तो ठाण्याला एका कंपनीत हेच काम करायचा आणि मंडळाला त्याने ते हौसेने, फुकट करून दिलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं, पण मुलीचे वडील होते आंबिवलीचे काळुराम. वीस वर्षांपूर्वी सातबाऱ्यावर नाव चढवायचं राहून गेलं म्हणून त्यांची दोन गुंठे जागा चुलतभावाच्या घशात गेली होती. तेव्हापासून नोंद दिसल्याशिवाय काळुराम कशावरही विश्वास ठेवत नसत. पाऊस पडतोय का हेसुद्धा ते खिडकीत न बघता फोनमध्ये बघत. रोज सकाळी चहाबरोबर ते मंडळाचं ॲप उघडत, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचून काढत आणि मग संदेशला फोन लावत. नोंद बरोबर असेल तर तो 'जावईबापू' असायचा, नसेल तर 'संदेशराव'. बारा दिवसांत एकाच सकाळी तो संदेशराव झाला नव्हता, आणि त्या दिवशी काळुरामांचा फोन चार्ज नव्हता.

"संदेशराव, आज परत तुम्ही स्थळं बघताय."

"नाही हो मामा, मी काल तुमच्यासमोर बदललेलं ना? माझ्या फोनवर बरोबर दिसत होतं."

"मग तुमच्या फोनशीच लावा लग्न," काळुराम शांतपणे म्हणाले. "रविवारी अकराला साखरपुडा आहे. त्या दिवशी सकाळच्या चहाला नोंद जागेवर असेल तर मी मुलीला घेऊन हॉलवर येईन. नसेल तर येणार नाही. दोन गुंठे गेले ते गेले, पोरगी नाही जाऊ द्यायची मला."

काळुरामांची मुलगी कादंबरी संदेशला मनापासून आवडली होती. पहिल्या भेटीत तिने त्याच्या ॲपमधल्या तीन चुका दाखवल्या होत्या आणि चौथी लग्नानंतर सांगते म्हणाली होती. अशी मुलगी एका ओळीपायी हातची जाते म्हणजे काय.

इकडे डोंबिवलीला घरी निराळाच घोळ सुरू झाला. ॲपवर मुलगा मोकळा दिसल्यावर लोक थोडेच थांबणार? रोज सकाळी कोणी ना कोणी मुलीचा फोटो घेऊन दारात हजर. आलेल्या माणसाला दारातून परत कसं पाठवायचं, म्हणून संदेशची आई शेवंती पोहे करायची. दोन दिवस तिने, अहो आमच्याचं ठरलंय, असं सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवसापासून ती नुसतंच ऐकून घ्यायला लागली, आणि आठवड्याच्या शेवटी, बदलापूरची तशी बरी होती हो, असं कांदा चिरता चिरता म्हणाली. संदेशने त्या दिवशी डबा न घेताच घर सोडलं.

खरं तर तक्रारी आधीपासूनच येत होत्या, पण संदेशने त्या कानाआड केल्या होत्या. मंडळातल्या रघुचं लग्न होऊन चार महिने झाले तरी तो ॲपवर रोज सकाळी नव्याने मोकळा होत होता. एकदा एका मुलीच्या बापाने फोन केला तो रघुची बायको रचनाने उचलला, मुलीला स्वयंपाक येतो का हे नीट विचारून घेतलं आणि लगेच पाठवा म्हणाली. टिटवाळ्याच्या एका गृहस्थांची गोष्ट तर याहून वरताण. त्यांनी आपल्या मुलीचं नाव नव्याने नोंदवलं होतं, ते रोज सकाळी नाहीसं व्हायचं आणि ते बिचारे रोज दुपारी जेवण झालं की तिला परत भरायचे. त्यांना वाटायचं, मंडळाची पद्धतच तशी असेल. या सगळ्यांना संदेशने एकच उत्तर दिलं होतं, ॲप बंद करून परत चालू करा.

आता मात्र त्याने स्वतःच ॲप बंद करून परत चालू केलं. मग काढून टाकून परत घातलं. मग काळुरामांचा फोन, कादंबरीचा फोन, आईचा फोन, शेजाऱ्यांचा फोन, सगळीकडे तेच करून पाहिलं. प्रोग्रामची ओळ न् ओळ दोनदा वाचली. दिवसभर नोंद दगडासारखी टिकायची आणि सकाळी गायब व्हायची. शेवटी गुरुवारी त्याने ऑफिसात आपल्या सीनियर पामेलाला सगळी कहाणी सांगितली. ती वसईची, स्पष्ट बोलणारी बाई.

"लॉग बघितलास काय?" तिने विचारलं. लॉग म्हणजे कोणी, केव्हा, काय बदललं त्याची वही.

"लॉग ठेवलाच नाही. फुकटचं काम होतं."

"म्हणून लग्न पण फुकट चाललंय तुझं. आज लॉग लाव, उद्या बघ."

शुक्रवारी सकाळी त्या वहीत एकच ओळ उमटली होती. सहा वाजून चाळीस मिनिटं, चारशे बारा नोंदी पूर्ववत, फोन मारुतीकाकांचा.

मारुतीकाका म्हणजे मंडळाचे संस्थापक, चालक आणि एकमेव कार्यकर्ते. चौतीस वर्षं रेल्वेत, कल्याणच्या सिग्नल केबिनमध्ये लिव्हर ओढण्यात गेली. रिटायर झाल्यावर अकरा वर्षं लोकांची लग्नं जमवण्यात गेली. स्वतःचं मात्र राहून गेलं होतं. ॲपचा मुखत्यार फोन, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी एकदम बदलायची मुभा असलेला फोन, त्यांचाच होता, आणि मंडळाच्या जुन्या रजिस्टरावरून उतरवलेली मूळ यादीही त्याच फोनात ठेवलेली होती.

शनिवारी सकाळी सहाला संदेश डोंबिवली पश्चिमेला त्यांच्या घरी जाऊन बसला. काकांची आंघोळ, पूजा झाली. चष्मा लावून त्यांनी फोन काढला, 'सर्व पूर्ववत करा' या लाल बटणावर ठेवायला अंगठा पुढे केला, आणि संदेशने त्यांचा हात धरला.

"काका, हे काय करताय?"

"लिव्हर नॉर्मल करतोय," काका म्हणाले. "ड्युटीवर आलं की आधी सगळे लिव्हर नॉर्मलला, मूळ जागेवर आणायचे, मग पुढचं काम. तूच सांगितलेलंस ना, काका, रोज सकाळी एकदा हे बटण दाबा म्हणून."

"अहो, ते पहिल्या आठवड्यात. तेव्हा आपण खोटी नावं भरून चाचणी घेत होतो, ती पुसून मूळ यादी परत आणायला."

"मग दाबू नका असं कधी सांगितलंस?"

गेले पाच महिने थंडी नाही, ताप नाही, सणवार नाही, काकांनी एक सकाळ चुकवली नव्हती. एकदा भाचीच्या लग्नाला नाशकाला गेले होते तर मांडवात बसून दाबलं होतं. आजपासून दाबू नका, असं संदेशने हात जोडून सांगितलं. काकांनी मान हलवली. तोंडी सांगण्यावर रेल्वेत सिग्नल हलत नाही, मेमो लागतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग संदेशने कागद घेऊन 'सदर बटण यापुढे कोणत्याही परिस्थितीत दाबू नये' असं लिहिलं, खाली सही, तारीख, वेळ. काकांनी तो दोनदा वाचून देवाच्या फोटोमागे ठेवला. एवढं सोपं होतं तर बारा दिवस आपण रक्त का आटवलं, असं मनाशी म्हणत संदेश तिथून थेट आंबिवलीला गेला.

शुक्रवारी त्याने नोंद मुद्दामच बदलली नव्हती, कारण काळुरामांना आता त्याने पक्कं काम करून दाखवायचं ठरवलं होतं. ॲपमधून नाही, लॅपटॉप उघडून थेट मुळातच नोंद बदलायची. काळुराम खुर्ची ओढून त्याच्या खांद्यामागे बसले आणि त्याने एक अक्षर टाइप केलं की झालं का म्हणून विचारू लागले. सातव्यांदा झालं का ऐकल्यावर संदेशने घाईघाईत हुकूम पूर्ण केला आणि बटण दाबलं. सद्यस्थिती बदलून 'लग्न ठरले' करा, एवढं त्याने यंत्राला सांगितलं. कोणाची, ते सांगायचं राहिलं. यंत्र आपल्या मनाने माणसं निवडत नाही, त्याने सगळ्यांची केली.

काळुरामांनी फोन उघडला. संदेश, लग्न ठरले. कादंबरी, लग्न ठरले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग सवयीप्रमाणे त्यांनी पुढची नावं वाचायला घेतली आणि वाचत वाचत ते म्हणाले, "वा, एकदम सगळ्यांचंच जमलं की. वर्ष चांगलं दिसतंय."

कादंबरीने लॅपटॉपमध्ये डोकावलं, संदेशकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ही ती चौथी चूक. कोणाचं बदलायचं ते तुम्ही विचारतच नाही कुठे."

तोवर ॲपने आपलं काम चोख बजावलं होतं. चारशेहून जास्त घरांत पेढ्याच्या चित्रासह 'अभिनंदन, आपले लग्न ठरले आहे' असा मेसेज जाऊन पडला होता. अर्ध्या तासात संदेशच्या फोनची घंटी थांबेना. कोणी मुलाचं नाव विचारत होतं, कोणी मुलीचं, दोघं एकाच मुलीवर हक्क सांगत होते, आणि टिटवाळ्याच्या गृहस्थांनी कालच मुलीला भरलं होतं ती टिकली आणि उजवलीसुद्धा, म्हणून हॉलची चौकशी सुरू केली होती. रचनाने फक्त एवढंच विचारलं, "रघुचं परत ठरलं ना, मग मी सामान बांधू की तीच इकडे येणार?"

यावर इलाज एकच होता, काकांच्या फोनमधलं लाल बटण. संदेश आणि कादंबरी रिक्षाने कल्याण आणि तिथून पुढे डोंबिवली असे धापा टाकत पोचले. आता संदेश शहाणा झाला होता. मेमो त्याने वाटेतच लिहून ठेवला होता, सकाळचा आदेश रद्द, बटण एकदा दाबावे.

काकांनी दार उघडलं. दाढी गुळगुळीत केलेली, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. त्यांनी मेमो घेतला, वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"काका, दाबा ना. लोक मला फाडून खातील."

"दाबतो. मेमो बरोबर आहे," काका म्हणाले. मग त्यांनी फोन संदेशपुढे धरला. "मला पण आलाय हा मेसेज. कोणाशी ते लिहिलेलं नाही यात."

संदेशला एकदम आठवलं. अकरा वर्षांपूर्वी रजिस्टर सुरू करताना पहिली ओळ कोरी नको म्हणून काकांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं. तीच ओळ त्याने जशीच्या तशी ॲपमध्ये उतरवली होती. सभासद क्रमांक एक, वय तेव्हाचं साठ, स्थळ पाहणे चालू. आणि पाच महिने हे गृहस्थ स्वतःच्या हाताने रोज सकाळी ते 'चालू' करून ठेवत होते.

कादंबरीने संदेशच्या खिशातलं पेन घेतलं. "काका, मेमोत चूक आहे. दुरुस्त करून देते," ती म्हणाली, आणि खाली लिहिलं, सभासद क्रमांक एक वगळून. संदेशने मुकाट्याने सही केली. काकांनी सही तपासली आणि बटण दाबलं. यंत्राला असलं वगळणं कळत नाही हे संदेशला ठाऊक होतं, म्हणून काका चहा टाकायला आत गेल्यावर त्याने ॲपमध्ये चार नोंदी एकेक करून हाताने परत भरल्या. पहिली काकांची, मग रघुची, मग कादंबरीची आणि आपली. मग लाल बटण ॲपमधून कायमचं काढून टाकलं, म्हणजे टिटवाळ्याची मुलगीही आता एकदा भरली की टिकणार होती.

रविवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला. संदेशने तो दोन्ही हातांनी उचलला.

"जावईबापू," काळुराम म्हणाले, "निघतोय आम्ही."

साखरपुडा झोकात झाला. शेवंतीने बदलापूरकरांनाही बोलावलं होतं, पण ते शेवटच्या रांगेत बसले. मारुतीकाका पहिल्या रांगेत, त्याच पांढऱ्या शर्टात. पेढे वाटत वाटत काळुराम त्यांच्यापाशी येऊन थबकले. सकाळची यादी त्यांनी अर्थातच पहिल्या नावापासून वाचलेली होती.

"मारुतीराव, तुमची नोंद बघितली मी. लग्न ठरले म्हणून आहे. कोण आहेत बाई?"

संदेशच्या हातातला पेढा खाली पडायचा राहिला. काकांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

"ते अजून कळायचंय," ते म्हणाले. "मी सिग्नल देऊन ठेवलाय. गाडी काय, आपल्या वेळेला येते."

काळुरामांनी यावर नीट विचार केला. नोंद जागेवर होती, बाकीचं दुय्यम होतं. त्यांनी काकांना आणखी एक पेढा दिला आणि पुढच्या रांगेकडे वळले.