महाराजांच्या गाडीतला शुद्ध गारवा

एका जंगलात, बाळांनो, असा कडक उन्हाळा पडला की पाणवठ्यावर सुसरीसुद्धा सावलीसाठी भांडू लागल्या. पण सिंह महाराजांना त्याची झळ नव्हती. त्यांच्याकडे मोटार होती आणि मोटारीला एसी होता. झळ लागायला ते काय प्रजा होते?

एक दिवस एसीने मान टाकली. महाराजांनी अशी डरकाळी फोडली की गॅरेजवाला चतरूशेठ कोल्हा सिलिंडर खांद्यावर टाकून धावतच आला. त्याने एसीत नवा गॅस भरला. आहाहा! महाराजांच्या मिशांना हुडहुडी भरली.

फक्त ड्रायव्हर झिपरोबा अस्वल नाक फेंदारून बसला होता.

"महाराज, ह्यो एसीचा गॅस न्हाई. चुलीचा हाय, आन् कुटंतरी गळतोय. भडकला तर समद्यात फुडं मी बसतो. घरी दोन पिल्लं हायत माजी."

"भारी माल आहे, म्हणून वास येतो," चतरूशेठ म्हणाला.

झिपरोबा हटेना. मग तपासनीस बगळेसाहेब यंत्र घेऊन आले. बॉनेट उघडून त्यांनी यंत्राची नळी एसीला जोडली. लाल दिवा लागला आणि यंत्र किंचाळलं.

"एसीचा गॅस थोडा, चुलीचा जास्त," बगळेसाहेब म्हणाले. "यावर पुऱ्या तळता येतील."

दरबारी एकमेकांच्या कानाला लागले. महाराजांच्या गाडीत भेसळ?

"छे छे!" चतरूशेठ म्हणाला. "महाराजांच्या गाडीत जे असतं, तेच शुद्ध. यंत्राला हे कुणी शिकवलेलं दिसत नाही."

सगळ्यांना पटलं. बगळेसाहेबांना नोकरी प्यारी होती, त्यांनाही पटलं. त्यांनी यंत्राचा एक स्क्रू पिळला. हिरवा दिवा लागला! खात्रीसाठी नळी खऱ्या, चोख गॅसच्या सिलिंडरला लावली, तर यंत्र बोंबलू लागलं. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू!

आता हिरवा दिवा लागला म्हणजे गाडीचं औक्षण आलंच. झिपरोबाला स्टिअरिंगवर बसवलं. राणीसाहेब तबक घेऊन उघड्या बॉनेटसमोर उभ्या राहिल्या. तबकात निरांजन पेटलेलं.

"राणीसाहेब, दिवा नगं!" झिपरोबा ओरडला.

"अरे, दिव्याशिवाय औक्षण होतं का कधी?" राणीसाहेब म्हणाल्या. त्यांचंही बरोबरच होतं.

झिपरोबाने दार ढकललं आणि जी धूम ठोकली, ती थेट जांभळाच्या शेंड्यावर.

भडाम!

घाबरू नका, मेलं कुणी नाही. महाराजांची आयाळ गेली. राणीसाहेबांच्या भुवया गेल्या. चतरूशेठच्या शेपटीचा खराटा झाला. बगळेसाहेबांना तर कावळे आपल्यात बोलावू लागले.

लगेच चौकशी बसली. जे भाजले ते बिचारे निर्दोष, हे दिसतच होतं. धडधाकट एकटा झिपरोबा.

"स्फोट होणार हे तुला आधीच कसं कळलं?" महाराजांनी टक्कल खाजवत विचारलं.

"वासानं, महाराज. म्या तर तुमास्नी सांगितलं व्हतं!"

"बघा! आपल्या तोंडाने कबूल करतोय," चतरूशेठ म्हणाला.

झिपरोबाला पिंजऱ्यात टाकलं. त्याची पिल्लं गजांतून त्याला मध भरवतात, आणि तो त्यांना सांगतो, "पोरांनो, मोठं व्हा, पर नाक झाकून ठिवा." चतरूशेठला जंगलातल्या सगळ्या गाड्यांत गॅस भरायचं काम मिळालं.

तात्पर्य: धोका आधी ओळखता येणं केव्हाही चांगलं. मात्र तो आला की चारचौघांबरोबर थोडं भाजून घ्यावं.