नागिणीचं तोंड कोणीकडे?

जानेफळात माझ्या कृषी केंद्रावर जो येतो तो हातात सोयाबीनचं पान घेऊनच येतो. मी ठिपका बघतो आणि रोग सांगतो. करपा! तांबेरा! मोझॅक! मग माणसाचं कातडं म्हणजे तरी काय हो? जरा जाड पान!

म्हणून परवा कमरेला आग आग झाली आणि आरशात लाल फोडांची रांग दिसली, तेव्हा मी करदोडा छातीपर्यंत सरकवला, नीट पाहिलं आणि जाहीर केलं, "नागीण!"

अचूक निदानाचा आनंद मला चहा निवेपर्यंत पुरला. मग आठवलं, नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस खलास!

"अन्नपूर्णा! मी चाल्लो!"

"दुकानात?" बायकोनं आतून विचारलं.

"वर!"

ती धावत आली. मागून तिचा भाऊ गोविंदा. त्यानं मला उसाच्या कांड्यासारखं गोल फिरवलं.

"भाऊजी, पुरा वेढा देऊन राह्यली हे! चार बोटं जागा उरली फक्त!"

"तोंड कोणीकडे आहे बे?"

"डावीकडे... नाही, उजवीकडे. इकडचा फोड पाहा ना, रागात दिसते!"

त्यानं रागीट फोडापुढे पेनानं रेघ मारली. "हे ओलांडली का समजा." मग औषध म्हणून गेरू फासला. पोळ्याच्या बैलालाही एवढा गेरू मिळत नसेल! थोड्या वेळानं येऊन पाहतो तर किंचाळलाच, "रेघ कुठं गेली? गिळली तिनं!"

रेघ गेरूखाली होती. पण हे सुचायला डोकं लागतं, आणि आम्ही तिघंही तेव्हा बुलढाण्याच्या एसटीत चढत होतो. जागा असून मी उभा! बसलं की कंबर वाकते आणि नागिणीला रस्ता कमी पडतो, असं गोविंदाचं गणित.

डॉक्टर मंजुश्री कातडीच्या डॉक्टर. वय माझ्या लेकीएवढं. त्यांनी माझा पट्टा काढून टेबलावर ठेवायला लावला, ओल्या कापसानं गेरू पुसला आणि मग बघत बसल्या. बाजूनं उजेड पाडून. कातडी दोन बोटांनी ताणून.

"काका, तोंड उघडा."

"माहं का तिचं?"

"तुमचंच!" गालाच्या आत, जिभेखाली पाहिलं. "आतली त्वचा चांगली आहे. आता ऐका. नागीण बहुतेक अंगाच्या एकाच बाजूला येते. ही दोन्हीकडे फिरलीय. तिचे फोड घोसानं येतात, हे आखल्यासारखे आहेत. इथं वरचा पापुद्रा सोललाय, पण खाली खड्डा नाही. खड्डा असता तर व्रण म्हटलं असतं, आणि वणही राहिला असता."

मी थक्क! तांबेरा सांगताना मी पान उलटूनसुद्धा पाहत नाही, आणि या बाईनं तर कातडीकडून जबानीच घेतली!

मग त्यांनी छातीवरचा करदोडा हळूच खाली सरकवला. डब्यावर झाकण बसावं तसा तो फोडांच्या रांगेवर बसला! दोऱ्याला एक छोटी पुरचुंडी होती.

"हे काय?"

"ताईत. बायकोनं बांधला."

डॉक्टरांनी ती चिमट्यानं उसवली. आत काळाकुट्ट, चेपलेला बिबा!

"पट्ट्याखाली फुटला आणि तेल दोऱ्यात मुरलं. बिबा उतलाय, काका, त्याच्या तेलानं कातडी भाजून फोड येतात. करदोडा काढा, हे मलम लावा, गेरू बंद. बरे व्हाल."

मी जगणार होतो! जगणार म्हटल्यावर आवाजही परत आला. "अन्नपूर्णा, बिबा काऊन बांधला वं?"

"दृष्ट लागू नये म्हून."

गोविंदा फिसकन हसला. "भाऊजीले कोनाची दृष्ट लागते, ताई?"

तिनं पदर सावरला. "माहीच लागते. नव्या सदऱ्यात लय छान दिसतात. मीच पाह्यत राह्यते."

डॉक्टरांना हसू आवरेना. मी छाती फुगवली, पोट आत ओढलं आणि ताठ उभा राहिलो.

पट्टा अजून टेबलावरच आहे, हे फक्त माझ्या पँटीच्या लक्षात होतं!