अर्धपोटी कोट

टेलरमास्तरांनी कोटाची शिवण उसवली आणि त्यांचा चेहराच पडला. कोट साधासुधा नव्हता. युद्धात ज्यांच्या शब्दावर अख्खा देश तगला, ज्यांना सगळे ‘थोरले’ म्हणत, त्या पुढाऱ्यांचा होता, आणि संग्रहालयाने तो नवं अस्तर लावायला मोठ्या विश्वासाने मास्तरांच्या दुकानात धाडला होता. तो शिवलेलाच मुळी युद्ध पेटल्यावर. आणि आत बघावं तर कंबर पुन्हा पुन्हा सैल केलेली!

आता थोरल्यांचं ते भाषण कोणाला पाठ नाही? ‘तुम्ही अर्धपोटी, तर मीही अर्धपोटी.’ मास्तरांच्या वडिलांनी त्या एका वाक्याच्या आधाराने उपासमारीचे हिवाळे काढले होते. रविवारी प्रदर्शन उघडणार होतं आणि म्हातारबुवा आठवडाभर आधीपासून स्वच्छ शर्ट काढून बसले होते. आयुष्यभर जपलेला विश्वास त्यांनी या वयात एका ढेरीपायी गमवायचा? मास्तरांना ते सहन होईना.

कोट घट्ट करतो, असं त्यांनी बायकोला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “गेलेल्या माणसाला बारीक करायला निघालात? आधी स्वतःचं बघा.”

पण ऐकतील तर ते मास्तर कसले. कापडाला कात्री न लावता त्यांनी ते आत दाबलं आणि कंबर चांगली चार बोटं कमी केली.

दुसऱ्याच दिवशी संग्रहालयाच्या बाईंचा फोन आला. कोट प्रदर्शनातल्या पुतळ्याला होत नव्हता. जुनी लोकर आटते, असं मास्तरांनी ठोकून दिलं. बाईंनी बिचाऱ्या पुतळ्यालाच दोष दिला आणि सडसडीत पुतळा मागवला. त्याच्यावरून विजार घसरायला लागली, मग मास्तरांनी तीही घट्ट केली. आता त्या अंगावर मूर्तिकाराने घडवलेला थोरल्यांचा गुबगुबीत चेहरा उसना आणल्यासारखा दिसू लागला, म्हणून त्याने गाल तासले. एका खोट्याला सांभाळायला किती माणसं राबली म्हणता!

रविवारी पडदा सरकला. थोरले नुकतेच दवाखान्यातून सुटून आल्यासारखे उभे होते. पाहुण्यांतल्या एका डॉक्टरांनी बसल्या जागेवरून क्षयाचं निदान केलं. एक पत्रकार लगेच विचारता झाला, की माणूस इतका खंगलेला होता तर युद्ध चालवत कोण होतं? चहाचे कप रिकामे होईपर्यंत एक गट म्हणत होता सगळं त्यांची बायको बघायची, आणि दुसऱ्याच्या मते तहावरची सही तापाच्या ग्लानीत झाली होती. शत्रूलाही जमली नव्हती इतकी बदनामी मास्तरांच्या सुईने करून दाखवली होती. मास्तर खांबाआड घाम पुसत उभे राहिले.

तेवढ्यात वडील काठी टेकत पुतळ्यापाशी गेले. बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी लेकाला खुणेने जवळ बोलावलं.

“ह्यांना उपाशी कोणी मारलं रे?”

मास्तरांना खोटं बोलवेना. त्यांनी म्हाताऱ्याच्या कानाशी लागून सगळं ओकून टाकलं: सैल केलेली कंबर, घट्ट केलेली कंबर, सगळं. आता बाबा रडणार, असं वाटून त्यांनी हात धरायला हात पुढे केला.

“पोट होय?” वडील म्हणाले. “ते आमच्या चौकात भाषणाला आले तेव्हाच बघितलं होतं. सगळ्यांनीच बघितलं.”

“आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या?”

“वाजवल्या की. घरी येऊन हसलोसुद्धा. किती दिवसांनी हसलो होतो तेव्हा.”

“राग नाही आला, बाबा?”

म्हाताऱ्याने पुतळ्याची ढिली पडलेली कॉलर मायेने नीट केली.

“अरे, घरात दाणा नव्हता. अशात एक तरी माणूस पोटभर जेवलेला दिसला की धीर यायचा. वाटायचं, म्हणजे कोठारात अजून काहीतरी आहे. उसव ती शिवण. असे बघवत नाहीत मला ते.”