मोटरीतून माणसं उतरवणारे सुपडूनाना

मोटरीत बसायला आलेल्या माणसाला ‘बसू नको’ म्हणून सांगणारा ड्रायव्हर तुम्ही कुठं पाहिलाय? नसणारच पाहिला. मी पाहिलाय. पारोळा-धुळे सर्विस मोटरीवर सुपडूनाना नावाचे ड्रायव्हर होते. त्यांचा निम्मा जन्म मोटर चालवण्यात गेला आणि निम्मा मोटरीतली माणसं खाली उतरवण्यात.

आमचं गाव याच रस्त्यावर, धुळ्यापासून तीन कोसांवर. सकाळी निंबाखाली पाचसात जण मोटरीची वाट बघत उभे असायचे. मोटर थांबली की नाना चाकावर दोन्ही कोपरं टेकवून एकेकाची चौकशी सुरू करायचे.

“कोठे चालना?”

“धुळ्याले, नाना.”

“काय काम शे?”

“काही नही, साडूले भेटाले.”

“साडू काय पळी जाई ऱ्हायना का? पाय शेतस ना तुले? पयले इचार कर, मंग बस!”

आणि तो माणूस खरोखरच विचार करायचा हो! डोकं खाजवत पायी निघायचा. तिकिटं फाडायला मोटरीच्या मालकानं, शेठनं, आपला मेहुणा मोटरीवर ठेवला होता. तो बिचारा फाडलेलं तिकीट हातात धरून नुसता चरफडायचा.

नानांचा हिशेब साफ होता. मोटर तिघांसाठी. आजारी माणूस, बाळंतपणाला निघालेली बाई, आणि कोर्टात ज्याची तारीख आहे तो. बाकीच्यांनी मोटरीत बसणं म्हणजे त्यांच्या मते आळस. बरं, नुसतं उतरवून सोडून देणाऱ्यातले नाना नव्हते. कोणाची गाडी कोणत्या दिवशी कुठं रिकामी जाते, हे त्यांना पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत तोंडपाठ. एकदा भर रस्त्यात मोटर थांबवून त्यांनी एका म्हातारीला हात धरून उतरवलं, मेहुण्याकडून तिचं भाडं परत देववलं आणि समोरच्या बैलगाडीवाल्याला म्हणाले, “भागा, रिकामा चालना ना? या मायले तिन्या लेकना दारशी उतार.” म्हातारी अगदी लेकाच्या दाराशी उतरली. मोटरीनं गेली असती तर फाट्यापासून उन्हात चालावं लागलं असतं. मला तर वाटायचं, या माणसाच्या डोक्यात सगळा रस्ता वळवळतोय, बैलांच्या नावांसकट.

त्यांच्या नावाचीही गंमत आहे. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना सुपात घालून अंगणात ओढलं आणि नाव ठेवलं सुपडू. म्हणजे या गृहस्थांचं पहिलं वाहन सूप. पुढं त्यांना मोटरीचं अप्रूप वाटेनासं झालं तर नवल काय!

मग शेठ असला ड्रायव्हर ठेवायचा कशाला? ठेवल्याशिवाय इलाज नव्हता. लढाई चालू होती, पेट्रोल सगळं लढाईवर गेलेलं. मोटरीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली होती आणि तिच्या धुरावर मोटर चालायची. चालायची म्हणजे नानांच्या हातानं चालायची. सकाळी भट्टी पेटवून ते अर्धा तास हाताचा पंखा फिरवायचे, मग धुराच्या नळीच्या तोंडाशी काडी धरायचे. ज्योत पिवळी असली की नकारार्थी मान हलवायचे. निळी झाली की म्हणायचे, “जागी व्हयनी.” दुसरे दोन ड्रायव्हर आणून शेठनं बघितले. एकाच्या भुवया जळाल्या, दुसऱ्याची मोटर स्टँडाबाहेर निघालीच नाही. नाना मात्र नुसत्या आवाजावरून सांगायचे की भट्टीत बाभळीचा कोळसा आहे की मेहुण्यानं स्वस्तातला कसला घातलाय. मी तोंडाचा आ करून बघत राहायचो.

आता माझं सांगतो. माझे वडील सुतार. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा गाडीची चाकं करायचे, आणि पंचक्रोशीत त्यांच्या हाताच्या चाकाला तोड नव्हती. गावभर चाकं आमच्या घरची, पण आमच्याकडं ना गाडी ना बैल. अशात मी गावची शाळा संपवून धुळ्याच्या इंग्रजी शाळेत नाव घातलं. तिथं खोली घेऊन राहणं परवडणारं नव्हतं आणि रोज मोटरीनं जाणं तर त्याहून नाही. दादांनी सरळ सांगितलं, “दिवाळीलोंग देखू. जमनं तं जमनं. नही तं रंधा हातमा ले.”

मला रंधा नको होता. मला ते बीजगणित हवं होतं. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी फळ्यावर एक समीकरण सोडवून दाखवलं आणि मी जो खुळावलो तो आजतागायत.

पहिल्या दिवशी मी मोटरीपाशी उभा राहिलो. नानांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“बिमार शे का?”

“नाही.”

“कोर्टमा तारीख?”

“नाही. शाळा आहे.”

“रोज?”

“रोज.”

नानांनी परत चाकावर कोपरं टेकवली. मोटरीतले लोक ‘चला, चला’ करायला लागले. मग नाना म्हणाले, “रोज मोटर म्हणजे तुन्हा बाप इकाई जाई. थांब, माले इचार करू दे.” आणि मला तिथंच ठेवून मोटर घेऊन निघून गेले!

पण त्यांनी विचार केला. असा कसून केला की लग्न जुळवणाऱ्यानंही करू नये. पहिला प्रयोग चालण्याचा. पंधरा दिवस मी रोज सहा कोस तुडवले आणि इतिहासाच्या तासाला बाकावर डोकं टेकून घोरलो. मास्तरांनी कान पिळला. नाना म्हणाले, “पाय ठीक शेतस, पन डोकं झोपस. चालनं बाद.”

दुसरा प्रयोग बांगड्यावाल्या करीमचाचांच्या घोडीचा. चाचा माल आणायला धुळ्याला जायचे, मला मागं बसवायचे. माणूस सोन्यासारखा. घोडी मात्र सवयीची गुलाम! रस्त्यात ज्या ज्या घराशी चार बाया दिसतील तिथं ती आपोआप थांबायची. चाचा हताश होऊन म्हणायचे, “बेटा, ये मेरी सुनती नहीं, अपना धंदा सुनती है.” एका दिवशी लग्नघरापुढं आम्ही तासभर अडकलो. तीही बाद.

तिसरा प्रयोग कापसाच्या गाडीचा, आणि तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. हंगाम सुरू झाला होता. पहाटे कापसाच्या गाड्या धुळ्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, निघायच्या. नानांनी ठरवून दिल्याप्रमाणे मी भागाभाऊंच्या गाडीवर, कापसाच्या ढिगात बसलो. मऊ, ऊबदार, वरून गार वारं. झोप लागली. भागाभाऊही झोपले. बैलांना रस्ता पाठ, ते शाळा सोडून थेट जिनात शिरले आणि काट्यावर जाऊन उभे राहिले. कापसाचं वजन झालं, चिठ्ठी झाली, आणि मग माल उतरवताना हमालाच्या हाताला माझा पाय लागला. त्यानं जी बोंब ठोकली! जिनाचा मुनीम धावत आला आणि भागाभाऊंना म्हणाला, “वजन वाढवायला पोरं घालता का रे कापसात?” भागाभाऊ बापडे पागोटं काढून शपथा घेत होते. मी कापसानं माखलेला, दप्तर छातीशी धरून शाळेकडं पळत सुटलो. वर्गात शिरलो तेव्हा दुसरा तास संपत आला होता. हेडमास्तरांनी दादांना चिठ्ठी दिली, मुलगा पुन्हा उशिरा आला तर नाव काढून टाकू.

दादांनी चिठ्ठी माझ्याकडूनच वाचून घेतली. मग उठले, खुंटीवरचा लहान रंधा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. मी आईच्या पाठीमागं जाऊन रडलो. लपवून काय करायचंय, ढसाढसा रडलो.

दुसऱ्या दिवशी मी निंबाखाली दिसलो नाही. नानांनी चौकशी केली आणि काय करावं? भरलेली मोटर गावात वळवली. अंगणं चुकवत, कोंबड्या उडवत ती आमच्या दाराशी येऊन उभी राहिली. नाना खाली उतरून दादांपुढं उकिडवे बसले.

“मोटर परवडस नही, चालनं जमत नही,” दादा म्हणाले. “मी काय करू, नाना?”

“हाऊ पोऱ्या कापूससंगे मोजाई गया, तरी शाळामा गया. आनि त्याले तू घरमा बसाडस?”

तेवढ्यात मोटरीतून एक जण ओरडला, “ओ नाना, मन्ही कोर्टमा तारीख शे ना!”

नानांनी मागं वळूनही पाहिलं नाही. “तुन्ही तारीख ढकलाई जाई. यान्ही नही.”

नाना उठले आणि दादांना म्हणाले, “माले एक दिवस दे. फक्त एक.”

दुसऱ्या दिवशी मोटर आली ती टपावर सायकल घेऊन. काळी, जुनी, पण घासून पुसून लख्ख केलेली. सीटवर लाल-हिरव्या लुगड्याच्या तुकड्यांची, बारीक टाक्यांची गादी शिवलेली. त्या दिवसांत सायकल काय, तिचा टायरसुद्धा मिळायची मारामार! आम्ही सगळे बघतच राहिलो.

“कोठून आणी, नाना?” दादांनी विचारलं.

“स्टँडवर पडेल व्हती. कोनी चालावस नही,” नाना म्हणाले आणि घाईघाईनं मोटरीत जाऊन बसले. एरवी त्यांना कसली घाई नसायची.

झालं, माझं गाडं मार्गाला लागलं. सीटवरच्या गादीवरून पोरं मला ‘वहिनी’ म्हणून चिडवायची. चिडवोत. मी वेळेवर पोचत होतो. सगळ्यात मजा यायची ती धुळ्याअलीकडच्या चढावर. मोटर धापा टाकत उभी राहायची, सगळे प्रवासी उतरून ढकलायला लागायचे, मेहुणा सगळ्यांत मागं नुसता हात लावून, आणि मी घंटी वाजवत त्यांच्या शेजारून पुढं जायचो. नाना खिडकीतून अर्धे बाहेर येऊन भोंगा वाजवायचे आणि प्रवाशांना सांगायचे, “देखा, देखा! इचार करीसन निघेल शे तो!” आपल्याच मोटरीला मागं टाकणाऱ्याचं एवढं कौतुक करणारा ड्रायव्हर मी पुन्हा पाहिला नाही.

त्या तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही मोटरीत बसू दिलं नाही. पाऊस असो, चाक फुटो. फुटलं तर मोटर थांबवून रस्त्यातच ठिगळ लावून द्यायचे आणि जा म्हणायचे. मोटरीच्या मागच्या बाकाखाली त्यांची वळकटी, तवा आणि जर्मन धातूची ताटली असायची. चढावर शेजारून जाताना मी ती रोज बघायचो. मला वाटायचं, पुजारी देवळात राहतो तसे ड्रायव्हर मोटरीत राहत असतील. बीजगणितात पहिला येणाऱ्या पोराला एवढंही कळू नये!

मॅट्रिकचा निकाल लागला आणि मी पास झालो. पुढं नोकरीला जळगावला जायचं ठरलं. दादा म्हणाले, सायकल नानांच्या घरी पोचती करून ये, वर पेढे ने. नानांचं गाव पारोळ्याहून दोन कोस आत. मी सायकल हाणत गेलो. नाना अर्थात मोटरीवर होते. दारात त्यांची बायको तूर पाखडत बसली होती. सायकल दिसली तशी तिनं सूप खाली ठेवलं. उठून आली, आणि माझ्याकडं न बघता आधी सीटवरच्या गादीवरून हात फिरवला.

“टाका उसवना नही,” ती म्हणाली.

ते टाके तिचेच होते. तिच्या मागं वलणीवर गोधडी वाळत होती, त्याच लाल-हिरव्या लुगड्याची.

मी विचारलं, “काकू, ही नानांची सायकल?”

“मंग कोनी? रोज संध्याकाळी मोटर स्टँडवर लाईसन हाई सायकलवरच घर येत. सायकल गई तवयपासून आठ दिवसमा एक डाव येतस. बाकी मोटरमाच झोपतस, भट्टीना कोळसावर भाकर टाकतस. दिवसभर मोटर चालाईसन पाय ऱ्हातस का मानूसले, दोन कोस चालाले?”

तीन वर्षं! ती तव्याची आणि ताटलीची तीन वर्षं मी घंटी वाजवत शेजारून गेलो होतो.

“तुम्ही काही म्हणाला नाहीत त्यांना?”

“इचारं ना मी. म्हनं, सायकल कोठे शे? तं हसीसन म्हने, शाळामा घाली दिधी.” घर शांत होतं, अंगणात एक कोंबडीही नव्हती. “म्हने, आपला घरमा शाळामा घालाले आखो दुसरं कोन शे?”

पेढे तिच्या हातात दिले, सायकल भिंतीला टेकवली, पायांना हात लावला आणि मी पारोळ्याला चालत निघालो. रडत निघालो म्हटलं तरी चालेल. स्टँडवर मोटर धुळ्याच्या फेरीला तयार होती. नाना नळीशी काडी धरून ज्योत बघत होते. मी जाऊन दाराशी उभा राहिलो. मी आजारी नव्हतो, बाळंतीण नव्हतो, कोर्टात माझी तारीखही नव्हती. आता चौकशी होणार आणि पाय शेतस ना तुले, म्हणून तीन कोसांऐवजी आठ कोस चालायला लावणार, या तयारीनंच मी उभा होतो.

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या धुळीनं भरलेल्या पायांकडं, मग माझ्या मागं. सायकल नव्हती. ती कुठं आहे आणि मला काय काय कळलंय, हे त्यांना न सांगता समजलं. काडी बोटांपर्यंत जळत आली तरी त्यांनी टाकली नाही.

मेहुणा तिकीट फाडायला पुढं आला, त्याला त्यांनी हातानंच बाजूला केलं. पुढचं, आपल्या शेजारचं दार उघडलं आणि खांद्यावरच्या पंच्यानं बाक पुसला.

“बस,” नाना म्हणाले. “आज इचार नको करू.”